लाल ठिपक्याचं पातेलं

४ जानेवारी

दादा,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र.

आमच्या टाचणीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. दोन वर्षांपूर्वी सीलिअ‍ॅकचं निदान झालं तेव्हा तिच्या रक्तातला तो आकडा एकशे ऐंशी होता. दहाच्या खाली हवा. तिच्या ताटातून गहू काढला आणि आकडा उतरत उतरत गेल्या जुलैत बारावर आला. त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले होते. परवा तो एकसष्ट निघाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “या वयाची मुलं बाहेर खातात आणि तोंड पुसून घरी येतात. रागावू नका. प्रेमाने विचारा.” मी प्रेमाने विचारलं. मग रागाने विचारलं. बारा वर्षांची पोर, माझ्या डोळ्यांत डोळे घालून एकच वाक्य म्हणते, “नाही खाल्लं.” हे म्हणतात, जाऊ दे, खाल्लं असेल एखादं बिस्किट. एखादं! एका चुऱ्याने तिचं आतडं आतून सोलपटतं हे यांना दोन वर्षं सांगतेय.

घरातलं सगळं मी पुन्हा तपासलं. आम्ही दोघं पाव खातो, म्हणून तिचं पातेलं, झारा, ताट, सगळं वेगळ्या फळीवर, प्रत्येकावर लाल रंगाचा ठिपका. तिच्या पातेल्याला आमचा चमचा लागत नाही. दादा, मी रोज सतरा ठिकाणच्या नळांचं पाणी तपासते. गढूळपणा कुठून शिरतो ते शोधणं हेच माझं पोटापाण्याचं काम. घरातले सगळे नळ तपासून झाले. राहिलं फक्त तिचं तोंड.

मार्चअखेर पुन्हा रक्त. आकडा उतरला नाही तर भूल देऊन पोटात दुर्बीण घालायची, आणि मग कदाचित जड औषधं, ज्यांनी चेहरा सुजतो आणि उंची थांबते. तिची उंची आधीच वर्गात शेवटून दुसरी.

ती तुला सगळं सांगते. तू विचार.

धाकटी


११ जानेवारी

धाकटे,

भरपूर आशीर्वाद. लागतील तेवढे घे, उरलेले पोरीला दे. माझा उजवा कान संपावर आहे आणि डावा अर्ध्या पगारावर, तेव्हा पत्र लिहिलंस हे उत्तम केलंस.

आता कामाचं. सख्ख्या भाचीवर हेरगिरी करायची तर मामाने निदान खोटी दाढी लावावी. माझी खरीच आहे, त्यामुळे ओळखू येईन.

आमच्या शास्त्रात एखादी गोष्ट कळण्याच्या वाटा सांगितल्या आहेत. एक प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं. दुसरी अनुमान, म्हणजे डोंगरावर धूर दिसला की तिथे आग असणार. आणखी एक शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाने सांगितलेलं. तू तिला खाताना पाहिलेलं नाहीस. तुझ्याकडे आहे तो धूर, एकसष्ट आकड्याचा धूर. तिच्याकडे शब्द आहे. पंचवीस वर्षं मी वर्गात हे शिकवतोय. पोरं परीक्षेत अचूक लिहितात आणि मधल्या सुट्टीत डस्टर कुणी पळवला ते निव्वळ अनुमानाने ठरवून एकमेकांना बदडतात. तू तसं करू नकोस.

मे महिन्यात ती माझ्याकडे महिनाभर होती तेव्हा मी स्वयंपाकघरातून गहू आणि त्याचं सगळं गणगोत बाहेर काढलं होतं. बिस्किटाचा डबा शेजारच्या शिंप्याकडे ठेवला. परत मिळाला तो डबाच मिळाला. त्या महिन्यात पोरीने एकदाही वाकडी नजर केली नाही. केली असती तर मला दिसली असती, माझे डोळे अजून पूर्ण पगारावर आहेत.

तरी विचारतो. तिने पुन्हा मागितलेलं पुस्तकबांधणीचं सामान आजच पाठवतोय, त्यात तिला चिठ्ठीही घालतोय.

दादा


२३ जानेवारी

मामा,

पार्सल मिळालं. कापड मस्त आहे. खळीच्या पुड्या पण पोचल्या, सहा.

तू चिठ्ठीत विचारलंस ते आईने विचारायला सांगितलं ना? मला कळतं. तुझं अक्षर विचारताना बारीक होतं.

नाही खाल्लं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक होता. सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत मी फुगे फुगवत बसले. मग तिची आई म्हणाली, अगं एवढासा तुकडा, काही होत नाही. मी म्हटलं, काकू, मला होतं. त्यांचं तोंड असं झालं जणू मीच त्यांच्या घरी काहीतरी सांडलंय. शाळेत मी माझ्या डब्याचं झाकण उघडून त्यावर डबा ठेवून खाते, बाक लागू नये म्हणून. मुलं मला ‘तपासणी नाका’ म्हणतात. अजून काय करू?

आई आता माझ्या डब्याचा वास घेते. घरी आल्यावर माझ्या तोंडाचा पण.

दुसरं काही लिहिते. शाळेच्या ग्रंथालयाच्या बाईंनी मला फाटकी पुस्तकं घरी न्यायला दिलीत, आठवड्याला दोन. आत्तापर्यंत एकोणचाळीस बांधली. खळ आता गुठळ्या न होता जमते. तू म्हणाला होतास तसं मोरचूद मुळीच घालत नाही. आणि सगळं माझं मीच करते, आईच्या भांड्याला हात लावत नाही, माझ्याच पातेल्यात शिजवते आणि घासून परत फळीवर ठेवते. शिवताना दोरा अजून सुटतो. तू ओठांत धरतोस तसा धरला की बरोबर येतो.

फेब्रुवारीच्या शेवटी तळ्याकाठी शाळेचं शिबिर आहे, आठ दिवस. मी नाव दिलंय. तिथल्या स्वयंपाकीकाकांना काय चालत नाही त्याचा कागद मी स्वतः लिहिलाय. आईला सांग ना, हो म्हणायला.

टाचणी


९ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या शब्दप्रमाणाचं काय झालं ते ऐक.

तिचं पत्र तू मला पाठवलंस. वाचून मला माझीच लाज वाटली, दोन दिवस मी डब्याला नाक लावलं नाही. आणि काल तिच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात बिस्किटांची वेष्टनं सापडली. एक नाही, नऊ. चांदीची, नीट घडी घालून ठेवलेली. चोर पुरावा घडी घालून ठेवतो का, असं तू विचारशील. हो, ही मुलगी ठेवते, ती सगळ्याच गोष्टी नीट ठेवते.

मी पलंगावर ओळीने मांडून ठेवली आणि तिला बोलावलं. ती म्हणाली, “ती माझी नाहीत. म्हणजे माझी आहेत, पण आतली बिस्किटं माझी नव्हती.” म्हटलं, मग वेष्टनं काय करायचीत? तिने ती एकेक उचलून परत घेतली. म्हटलं, बोल. तर म्हणाली, “मी आता काहीही सांगितलं तरी तू हसशील.” मी हसणार होते? माझ्याकडे बघून कुणाला वाटेल की मी हसेन?

शिबिराचं मी सांगून टाकलं. खरं सांगितलंस तर जाशील, नाहीतर नाही. तिला शिक्षा करायची नाहीये मला. पण खरं कळलं तर निदान कुठला नळ बंद करायचा ते तरी कळेल.

तू नीट विचार. तुझ्या गमती बाजूला ठेवून.

धाकटी


१४ फेब्रुवारी

टाचणीबाई,

आज विनोद नाही. मला ते कठीण जातंय, तेव्हा पत्र आखूड होईल.

आईला वेष्टनं मिळाली हे कळलं. तू लहान असताना मी तुझ्याएवढाच एकदा उधारीवर गोळ्या खाल्ल्या होत्या असं सांगितलं तर तू म्हणशील, मामा, तू माझ्याएवढा होतास तेव्हा मी जन्मले नव्हते. बघ, आज माझं व्याकरणही जागेवर नाही.

कुणालाही मोह होतो. रोज सगळे खातात आणि आपण झाकणावर डबा ठेवून बसायचं, यात एखाद्या दिवशी हात पुढे गेला तर त्याला मी पाप म्हणणार नाही. पण लपवलं तर डॉक्टरीणबाई चुकीच्या वाटेने जातील, आणि त्या वाटेवर भूल आहे, दुर्बीण आहे, जड औषधं आहेत. तू मला सांग. आई रागावणार नाही आणि शिबिराला पाठवेल. हा मामाचा शब्द.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

हो. खाल्लं. बिस्किटं. नऊ.

आता आईला सांग शिबिराला पाठवायला.

टाचणी


१३ मार्च

दादा,

तू दिलेला शब्द मी मोडला. तिला शिबिराला पाठवलं नाही.

तिचं ते दोन ओळींचं पत्र तू पाठवलंस तेव्हा आधी हायसं वाटलं, आणि मग भीती वाटली. जी घरात माझ्या नजरेसमोर लपवून खाते ती आठ दिवस तळ्याकाठी काय करेल? मी तिला म्हटलं, पुढच्या वर्षी जा. ती म्हणाली, “मामा म्हणाला होता.” मी म्हटलं, मामा तिथे असतो, मी इथे. मग ती खोलीत गेली. ते आठही दिवस पुस्तकं बांधत बसली. बाईंनी टोपलीभर पाठवली होती. जेवायला बाहेर यायची, दोन हातांनी ताट माझ्याकडे सरकवायची, जणू घ्या, तपासा.

मी तीन आठवडे अर्धी रजा घेतली. मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन तिच्या समोर बसते. तिच्या तोंडात गेलेला प्रत्येक घास मी माझ्या हाताने शिजवलेला आहे. मुलं लांबून बघतात. ती मान वर करत नाही.

मला मार्चअखेरपर्यंत धीर धरवेना. परवाच रक्त दिलं.

एकशे अठरा.

दादा, मला काही कळत नाही. ती वाळत चालली आहे. काल गणवेशाच्या पट्ट्याला मी नवीन भोक पाडलं. दुर्बिणीची तारीख २ एप्रिल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खरंच खात नसेल तर हा आजार दुसरंच वळण घेतोय, आणि ते वळण चांगलं नाही. म्हणजे आता मी कशाची आशा करू? तिने चोरून खाल्लं असावं, अशी? मी रोज देवघरासमोर उभी राहून माझी मुलगी खोटारडी असू दे म्हणून हात जोडतेय.

धाकटी


२१ मार्च, तातडीने

धाकटे,

शिंप्याला तुला फोन करायला लावलंय, “पातेलं फेका, पुड्या उघडू नका, पत्र येतंय” एवढंच सांग म्हणून. त्याने काय सांगितलं असेल देव जाणे. आता नीट लिहितो.

तुझं पत्र वाचून काल कपाटासमोर बसलो होतो. हातात पुस्तक घेतलं की मला विचार करता येतो, निदान करतोय असं वाटतं. मेमध्ये पोरीने इथे बांधलेला कोश हातात आला. त्याचा पुठ्ठा सुटून माझ्या मांडीवर पडला. आतला कणा कसरीने साफ खाल्ला होता. शेजारी त्याच आठवड्यात मी बांधलेलं पुस्तक, अगदी शाबूत. कागद तोच, कापड तेच. फरक एवढाच की माझ्या खळीत मोरचूद होतं आणि तिच्या खळीत नव्हतं. मोरचूद विष असतं, किडा त्याला तोंड लावत नाही. पोरीच्या हाताला विष लागू नये म्हणून मीच तिला बजावलं होतं, तुझी खळ बिनविषाची कर.

म्हटलं, हात्तिच्या, किड्यांनी खळ खाल्ली. आणि मग तो ‘खाल्ली’ शब्द मी पुन्हा एकदा मोठ्याने म्हटला.

धाकटे, खळ मैद्याची असते. मैदा आणि चिमूटभर तुरटी. मी पाठवलेल्या पुड्यांवर माझ्या सुंदर अक्षरात ‘खळ’ लिहिलंय, म्हणून तुला ते पीठ दिसलं नाही. मला तरी कुठे दिसलं? ती इथे होती तेव्हा मी स्वयंपाकघरातला कण न् कण उचलला, आणि मैद्याचा डबा पुस्तकांच्या कपाटात होता तो तिथेच राहिला. कपाटात आहे ते अन्न नव्हे, एवढीच माझी अक्कल.

आता तिचं जानेवारीचं पत्र काढ आणि वाच. ती खळ तिच्याच पातेल्यात शिजवते. आपलं वेगळं ठेवायचं, आईच्या भांड्याला हात लावायचा नाही, ही तुझी शिकवण तिने इतकी पाळली की दर आठवड्याला तिने लाल ठिपक्याच्या पातेल्यात मैदा शिजवला, आणि रोज तू त्याच पातेल्यात तिचा भात लावलास. खळीत माखलेला दोरा ती ओठांत धरते, कारण मी धरतो. ते आठ दिवस तिला कोंडून ठेवलंस तेव्हा ती टोपलीभर पुस्तकं बांधत होती. जुलैत आकडा बारा होता. ग्रंथालयाची पुस्तकं कधीपासून आणते ते विचार. नको, विचारू नकोस. ग्रंथालयाच्या बाईंना विचार.

डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांग. मी चूक असेन तर दुर्बीण आहेच. पण मी चूक नाही असं मला वाटतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आनंद होत नाही.

तुला मी धूर आणि शब्द यांवर प्रवचन दिलं होतं. मग नऊ चांदीचे कागद दिसताच पोरीचा शब्द सोडून धुरामागे धावलो, आणि तिला गोड बोलून खोटं बोलायला लावलं. आग होतीच, धाकटे. ती मी पार्सलने पाठवत होतो, सहा-सहा पुड्या.

दादा


३ एप्रिल

दादा,

शिंपी फोनवर म्हणाला, “मास्तर म्हणतायत पातेल्यात किडे आहेत.” मी दोन दिवस पातेलं उकळत होते. मग पत्र आलं.

ती शाळेत असताना तिच्या खोलीत गेले. टेबलाच्या कडेला, खुर्चीच्या हाताला, पेन्सिलींना, सगळीकडे पांढरी पापडी. तिच्या घरातल्या झग्याच्या बाह्या कडक झालेल्या. मी त्या रोज धुवायला टाकत होते, रोज हातात घेत होते. सतरा नळ तपासणारी बाई. पातेलं उजेडात धरलं तर काठाखालच्या खाचेत पांढरी रेघ होती. मी नखाने खरवडली. पातेलं मी फेकलं नाही, मला फेकवेना, बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलंय.

बांधलेल्या पुस्तकांत परीकथांची नऊ पुस्तकं होती. प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावर एक चांदीचा चंद्र कापून चिकटवलाय. मुलांकडून रिकामी वेष्टनं मागून घेतलेली. पहिलीतल्या मुलांसाठी, बाई म्हणाल्या. ग्रंथालयात ती ऑगस्टपासून येते, हेही बाईंनीच सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं, म्हणाल्या, “मी तिला छंद काय आहे विचारलंच नाही.” दुर्बीण तीन महिने पुढे ढकलली आहे. तोवर मैदा नाही, नवीन भांडी, आणि वाट बघायची. खात्री कुणालाच नाही.

मी तिला विचारलं, मग हो का म्हणालीस? ती म्हणाली, “नाही म्हणून दीड महिना झाला होता.” एवढंच, आणि अभ्यासाला बसली.

तुझी तिला आलेली दोन पत्रं टेबलावर तशीच आहेत. उघडलेली नाहीत.

धाकटी


१० मे

टाचणीबाई,

हे तिसरं. तेही न उघडता ठेवलंस तर बरोबरच आहे, पण हे पाकीट जरा जाड आहे, त्यात तुझी एक वस्तू आहे. तुझं १९ फेब्रुवारीचं पत्र. ते माझ्याकडे राहणं योग्य नाही. ते तू लिहिलेलं नाहीस, मी लिहवून घेतलंय. फाड, जाळ, बोळा करून फेक.

मी माफी मागतो. तीन वेळा लिहून खोडलं, कारण प्रत्येक वेळी त्यात काहीतरी गमतीशीर यायला लागलं.

मामा


८ जुलै

मामा,

तीनही पत्रं वाचली. एकाच दिवशी.

काल रिपोर्ट आला. बत्तीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उतरतोय म्हणजे तीच खळ होती. दुर्बीण नाही. आई दवाखान्याच्या जिन्यात बसली आणि पाच मिनिटं उठलीच नाही. एक माणूस म्हणाला, बाई, चक्कर आली का? मी म्हटलं, नाही, आनंद झालाय, तिला वेळ लागतो.

माझं ते पत्र मी फाडणार होते. आईने मागून घेतलं. तिच्या टेबलाच्या खणात ठेवलंय, चष्म्याच्या घराखाली, म्हणजे चष्मा काढताना रोज दिसतं. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, असू दे माझ्याकडे. आता ती डब्याचा वास घेत नाही. घ्यावासा वाटला की खिडकी पुसते. आमच्या खिडक्या फार स्वच्छ झाल्यात.

तांदळाच्या पिठाची खळ करून बघितली, नव्या पातेल्यात, ज्यावर ठिपका निळा आहे आणि ज्यात भात शिजत नाही. चिकटते, पण पुस्तक उघडताना कुरकुरतं. तू काहीतरी शोधून काढ. बाईंनी दिलेली कोड्यांची पुस्तकं बांधायची थांबलीत.

सुट्टीत तुझ्याकडे यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. आले तर कपाटातला डबा आधीच बाहेर असला पाहिजे. आणि मामा, मला काही विचारायचं असेल तर एकदाच विचार. एकदा विचारलंस की मी खरं ते सांगते. परत परत विचारलंस की तुला हवं ते सांगते.

टाचणी

ता. क. पाकीट चिकटवलेलं नाही, शिवलंय. दोरा ओठांत न धरता कात्रीने कापलाय.